विम्याची निवड आणि प्रकृतीच्या संवयी

आमच्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें सभासदांच्या सामुदायिक आरोग्यविम्याचा ठराव येणार आहे. त्यासंबंधीं दोन योजना कार्यकारी मंडळाकडे आल्या असून त्यांचा गोषवारा सभासदांकडे यापूर्वींच धाडण्यांत आला आहे. पहिल्या योजनेंत कुटुंबामागें दहा लक्ष रुपयांचें संरक्षण आहे, पण तें रुग्णालयांत दाखल झाल्यासच. दुसरींत संरक्षण तीन लक्षांचेंच. परंतु दरसाल घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाची तपासणी, रक्तदाब व मधुमेह यांच्या गोळ्या आणि दाखल न होतां डॉक्टरांस दाखविण्याची फी, हीं ठराविक मर्यादेपर्यंत तींत धरलीं आहेत. हप्ता दोहोंचा जवळजवळ सारखा. आमच्या कानांवर जें येतें त्यावरून पाहतां बहुतेकांचा कल पहिल्या योजनेकडे आहे. दहा हे तिहींपेक्षां अधिक, हा हिशेब मांडण्यास फारसा विचार लागत नाहीं. आम्हांस मात्र दुसरी योजना अधिक पसंत आहे, आणि ती कां, हें सभेपूर्वीं मोकळेपणानें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

विमा आणि संवयी यांचा संबंध काय, असें विचारलें तर चारचौघांत मिळणारें उत्तर ठरलेलें आहे: विमा उतरला कीं माणूस बेफिकीर होतो. या म्हणण्यास आपल्या शेतकीच्या अनुभवाचा थोडा आधारही आहे. सन २०२३ च्या खरिपापासून आपल्या राज्यांत एका रुपयांत पीकविमा मिळूं लागला. अर्जांची संख्या बेसुमार फुगली, नसलेल्या पिकांचे व दुसऱ्याच्या जमिनीचेही अर्ज निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून सरकारनें ती सवलत काढून घेऊन पूर्वींप्रमाणें खरिपास शेंकडा दोन, रब्बीस दीड व नगदी पिकांस पांचपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडून घेण्यास आरंभ केला. तथापि या प्रकरणांत जो खोटेपणा होता तो कागदावरचा होता. ज्याच्या शेतांत पीक खरोखर उभें आहे अशा कोणा शेतकऱ्यानें विमा आहे म्हणून बांध मोकळा सोडला, किंवा लष्करी अळी पडली असतां हात जोडून बसला, असें आम्हीं तरी पाहिलें नाहीं. शरीराच्या बाबतींत हें अधिकच खरें असलें पाहिजे. रुग्णालयाचें बिल दुसरा भरणार आहे, तेव्हां एकदां अर्धांगवायु होऊन पाहूं, असें कोणास वाटेल?

याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. अमेरिकेंत रँड नांवाच्या संस्थेनें १९७४ ते १९८२ या काळांत सुमारें पावणेतीन हजार कुटुंबें घेऊन त्यांस निरनिराळ्या विमायोजना वांटून दिल्या. कुटुंबाच्या आवडीनिवडीस येथें वाव ठेवला नव्हता. कोणास कोणती योजना मिळावयाची हें चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें ठरलें. कांहींना सर्व उपचार मोफत. इतरांनीं वर्षाच्या एका मर्यादेपर्यंत खर्चाचा चौथा हिस्सा, निम्मा, किंवा शेंकडा ९५ देखील स्वतः सोसावयाचा. सर्वांत मोठा हिस्सा भरणाऱ्यांनीं मोफतवाल्यांपेक्षां सुमारें शेंकडा ३० नीं कमी उपचार घेतले. यांत नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. धूम्रपान, वजन व रक्तांतील चरबी या तीन बाबतींत मोफतवाले आणि पैसे भरणारे यांच्यांत फरक आढळला नाहीं. विमा उदार होता म्हणून कोणी अधिक सिगारेटी ओढल्या नाहींत, आणि डॉक्टर फुकट होता म्हणून कोणी त्या सोडल्याही नाहींत. फरक पडला तो थोड्याच ठिकाणीं, व त्यांतील एक आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. ज्यांची मिळकत कमी व रक्तदाब अधिक, अशा लोकांचा रक्तदाब मोफत योजनेंत अधिक आटोक्यांत राहिला. कारण तेथें तो मोजला गेला आणि औषध सुरू झालें. उलट, पैसे भरणाऱ्यांनीं दवाखान्याच्या ज्या फेऱ्या टाळल्या त्यांत अनावश्यक होत्या तशा आवश्यकही होत्या. खिशांत हात घालतेवेळीं कोणती फेरी जरुरीची हें रोग्यास कळत नाहीं.

त्याच देशांतील ओरेगन प्रांतांत २००८ सालीं गरिबांकरितां असलेला सरकारी विमा सोडत काढून देण्यांत आला. सुमारें दोन वर्षांनंतरची स्थिति २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. ज्यांस विमा मिळाला त्यांच्यांत मधुमेह ओळखला जाण्याचें व त्याचें औषध सुरू होण्याचें प्रमाण वाढलेलें, मनाची खिन्नता कमी झालेली, आणि दवाखान्याच्या खर्चापायीं बुडण्याचा प्रसंग जवळजवळ नाहींसा झालेला दिसला; पण रक्तदाबाच्या व साखरेच्या आंकड्यांत भरंवशानें सांगण्याजोगा फरक नव्हता. विमा कर्जापासून वांचवितो हें यावरून निश्चित ठरतें, आणि ती गोष्ट लहान नाहीं. संवय बदलण्याचें काम मात्र त्याच्याकडून आपोआप होत नाहीं.

आतां उलट बाजूनें पाहूं. विमा संवय घडवीत नसेल. पण माणसाची संवय मात्र विमा निवडते. अमेरिकेंतील तिघा अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ सालींच असें दाखविलें कीं, जे धूम्रपान करतात, दारू फार पितात, वेळच्या वेळीं तपासणी करून घेत नाहींत किंवा मोटारींत पट्टा बांधीत नाहींत, तेच लोक विमा घेण्यांतही मागें असतात. यासाठीं अमेरिकेस जाण्याचें खरोखर कारण नव्हतें. आपल्या तालुक्यांतील कोणत्याही गांवीं पाहावें. स्वतःच्या पैशानें पॉलिसी कोणीं घेतली आहे? शाळामास्तरांनीं, पहांटे फिरावयास जाणाऱ्या निवृत्त कारकुनांनीं, आणि तळोजाच्या कारखान्यांत नोकरीस असलेल्या एखाद्या सावध मुलानें आपल्या आईबापांच्या नांवें. ज्याच्या कमरेस तंबाखूची पिशवी आहे तो म्हणतो, “मला काय धाड भरली आहे?” आणि ज्या दिवशीं जिना चढतांना छातींत कळ येते, त्याच संध्याकाळीं तो पुतण्यास बोलावून विचारतो, “अरे, तो विमा आतां निघेल काय?” निरोगी व सावध मनुष्य विमा आधीं घेतो, बेसावध उशिरां घेतो, आणि सर्वांत अधिक गरज असलेला पुष्कळदां घेतच नाहीं.

विमाकंपन्यांस हें पुरतेपणीं ठाऊक आहे. म्हणूनच आधींपासून असलेल्या दुखण्यास कांहीं वर्षें थांबावयास लावण्याची अट असते. ही मुदत पूर्वीं चार वर्षांपर्यंत असे. विमानियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं ती तीन वर्षांवर आणली, आणि सलग पांच वर्षें हप्ते भरल्यानंतर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविली या कारणावरून दावा नाकारतां येणार नाहीं असेंही ठरविलें. आमच्या परिचयाचे एक साठीच्या घरांतले शेतकरी आहेत. त्यांची पॉलिसी काढतांना अर्ज मध्यस्थानेंच भरला, आणि तंबाखू व रक्तदाब या दोन्ही रकान्यांत ‘नाहीं’ लिहून यांची सही घेतली. “खरें लिहिलें तर हप्ता वाढेल,” एवढेंच त्यानें सांगितलें. वास्तविक रक्तदाब त्यांस पूर्वींच सांगण्यांत आला होता. गोळी मात्र ते डोकें दुखेल त्या दिवशींच घेत. तिसऱ्या वर्षीं उजवें अंग गेलें. कंपनीनें जुन्या चिठ्ठीवरून रकाना काढून दाखविला व दावा नाकारला. यांत कंपनीचा दोष किती आणि मध्यस्थाचा किती हें आम्ही ठरवीत बसत नाहीं. आम्हांस खटकतें तें वेगळेंच आहे. त्या तीन वर्षांत त्यांच्या खिशांत एक जाडजूड कागद होता, आणि त्या कागदांतील एकाही कलमानें त्यांचा रक्तदाब एकदांही मोजला नाहीं.

येथें योजनेच्या घडणीचा प्रश्न येतो. रुग्णालयांत निदान चोवीस तास राहिल्यावांचून बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहींत. दिवसांत आटोपणाऱ्या कांहीं शस्त्रक्रियांचा तेवढा अपवाद असतो. याचा परिणाम पनवेलच्या कोणत्याही दवाखान्याच्या बांकावर बसून पाहावा. ताप आलेल्या मनुष्याचे नातलगच डॉक्टरांस विनवितात, “एक रात्र ठेवून घ्या, म्हणजे विम्यांत बसेल.” जें दुखणें दोनशें रुपयांच्या औषधानें जावयाचें तें दाखल करण्याच्या लायकीचें होईपर्यंत वाट पाहण्याची संवय अशा योजनेनें लागते. दुसरें, एखाद्या वर्षीं दावा केला नाहीं तर पुढील वर्षीं संरक्षणाची रक्कम वाढते. ही वाढ निरोगी राहिल्याबद्दल मिळते असें लोक समजतात. वास्तविक ती दवाखान्याचें बिल न धाडल्याबद्दल मिळते. ही वाढ राखण्यासाठीं दुखणें अंगावर काढणारे आम्हांस ठाऊक आहेत. आणखी एक नवी तऱ्हा निघाली आहे. नियामक प्राधिकरणानें २०२० सालीं कंपन्यांस आरोग्याच्या चांगल्या संवयींबद्दल गुण व सवलती देण्याविषयीं मार्गदर्शक नियम घालून दिले. त्यावरून कांहीं कंपन्या मोबाईलमध्यें रोज किती पावलें चाललीं हें मोजून गुण देतात. कल्पना वाईट नाहीं. फक्त लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत दिवस काढणाऱ्या बाईचा मोबाईल घरीं फडताळांत असतो, आणि तिच्या नांवावर त्या दिवशीं पावलें शून्य पडतात, इतकेंच.

ज्यांनीं खारजमीन कसली आहे त्यांस आमचें म्हणणें एका दाखल्यानें पटेल. खाडीच्या बांधास खेकडा बीळ पाडतो. तें त्याच दिवशीं दृष्टीस पडलें तर दोन टोपल्या चिखलानें बुजतें. न पडलें तर पुढच्या उधाणास तेथें पाझर सुरू होतो, त्या पुढच्यास खांड पडते, आणि खारें पाणी एकदां आंत शिरलें कीं तें शेत पुढें दोन-तीन पावसाळे धड पिकत नाहीं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें ‘पनवेल-१’ पासून पुढें खारटपणा सोसणारीं भाताचीं वाणें काढून आपणांवर उपकार केले आहेत. पण खांड पडलेल्या शेतास वाण तरी काय करणार? पहिली योजना खांड बुजविण्याचे पैसे देते. दुसरी योजना बांधावरून वर्षांतून एकदां फेरी मारावयास लावते, आणि दोन टोपल्या चिखलाचे पैसे देते. आम्ही दुसरीच्या बाजूचे आहों तें एवढ्याचसाठीं.

आणि आपल्या भागांत खेकडे थोडे नाहींत. सन २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा वर्षें व त्यावरील लोकांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखू या ना त्या रूपानें घेतांना आढळले, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षां चघळणारे व दांतांस लावणारे कितीतरी अधिक होते. गुटख्यावर राज्यांत २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हें रेल्वेच्या फलाटाकडे पाहून कोणीही सांगेल. आपल्याकडील बायकांत मशेरीची चाल जुनी आहे आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाहीं, हीच तिची मोठी अडचण आहे. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी, खारवलेलें लोणचें, आणि वर जेवतांना पानांत मीठ, हें आपलें रोजचें. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पांच ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें सांगते. तेवढें आपल्याकडे एका वाकट्यांच्या कालवणांत खपत असेल. पूर्वीं हें सर्व खाऊन लोक धडधाकट होते असें म्हणणारे वडीलधारे एक गोष्ट विसरतात. तेव्हां नांगर होता, लावणी होती, आणि पनवेलच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन चालत जाणें होतें. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यापासून आपल्या जमिनी एकामागून एक गेल्या. ज्या विमानतळाकरितां अखेरचीं गांवें उठलीं, त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. मोबदला आला, नांगर सुटला, जेवण मात्र नांगरावरच्या माणसाचेंच राहिलें. जे अजून भात लावतात त्यांची तऱ्हा वेगळी: भेगाळलेल्या पायांनीं साचल्या पाण्यांत उतरावयाचें, आणि उंदीर-गुरांच्या मुताद्वारें पसरणारा लेप्टोचा ताप आला तर साधा ताप म्हणून चार दिवस काढावयाचे. हा ताप आरंभीं ओळखला तर स्वस्त गोळ्यांनीं बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत पाळी येते. पहिली योजना त्यांतील दुसऱ्या अवस्थेचाच खर्च देते.

ज्या पनवेलींत श्री धूतपापेश्वराचा औषधांचा कारखाना १८७२ सालीं निघाला, तेथें औषधाची उणीव आहे असें कोणी म्हणणार नाहीं. वैद्य आहेत, डॉक्टर आहेत, गल्लोगल्लीं रुग्णालयें आहेत. उणीव आहे ती दुखत नसतांना तपासून घेण्याच्या संवयीची.

दहा लक्षांच्या बाजूनें एक सबळ मुद्दा आहे, तो झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. मोठें आजारपण घर बुडवितें, आणि तीन लक्ष रुपये हल्लींच्या हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या उपचारास अपुरे पडतील. हें खरें आहे. परंतु मोठ्या आजारासाठीं दुसरी एक सोय आपणांपाशीं आहे, आणि तिचा हिशेब या वादांत कोणी धरीत नाहीं. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्यें प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालते. आरंभीं तिचा लाभ पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेस होता आणि मर्यादा दीड लक्षांची होती. ज्यांची शिधापत्रिका शुभ्र, त्यांस, विदर्भ-मराठवाड्यांतील चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा अपवाद सोडून, ती बंद होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यांतील सर्व शिधापत्रिकांस खुली झाली असून कुटुंबामागें वर्षास पांच लक्षांपर्यंत उपचार मिळतात, व हप्ता सरकार भरतें. तींत उणेपणा नाहीं असें नव्हे. यादींत असलेलेच उपचार, योजनेशीं जोडलेलींच रुग्णालयें, आणि तेथें गेल्यावर खाट मिळेल कीं नाहीं ही धाकधूक. तरी पण मोठ्या आजारासाठीं पांच लक्षांचें छत्र डोक्यावर असतांना त्याच कामासाठीं पुन्हां दहा लक्षांचें घ्यावें, आणि ज्या बाजूनें पाऊस रोज आंत येतो ती बाजू उघडीच ठेवावी, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं.

यावर एक सभासद आम्हांस म्हणाले, “तपासणी व गोळ्या सरकारी आरोग्यकेंद्रांत फुकटच आहेत, मग त्यासाठीं विमा कशाला?” प्रश्न बिनतोड आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्यखात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहींत. असें असून आपल्यापैकीं कितीजण दुखत नसतांना तेथें गेले? वर सांगितलेले अमेरिकेचे प्रयोग हेंच सांगतात कीं, नुसतें फुकट केल्यानें संवय होत नाहीं. कोणीतरी नांव घेऊन बोलवावें लागतें, ठरलेला दिवस असावा लागतो, आणि शेजारी जातो म्हणून आपण जातों असें व्हावें लागतें. दुसऱ्या योजनेंत आम्हांस जी किंमत दिसते ती गोळीच्या पैशांपेक्षां या बोलावण्याची आहे. कंपनीचे लोक गांवांत येऊन यादीप्रमाणें प्रत्येक सभासदास व त्याच्या घरच्यांस तपासणार आहेत. सरकारी केंद्रांत त्यांतून कोणाची पुढें नोंद होऊन गोळी तेथून फुकट मिळूं लागली, तर तें उत्तमच.

असें करणें शक्य आहे काय? आपल्या राज्यांत तें होऊन गेलेलें आहे, आणि तेंही शेतकऱ्यांच्या धान्यावर. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत भोंवतालच्या खेड्यांत एक विमा चालविला. त्याचा हप्ता ज्वारीनें द्यावयाचा. सुगी झाली कीं ज्याची जमीन अधिक त्यानें अधिक ज्वारी द्यावी, भूमिहीनानें थोडी द्यावी, आणि ती गोळा करण्याचें काम गांवानेंच करावें. गांवांतील शेंकडा ७५ कुटुंबें सामील झाल्यावांचून तें गांव योजनेंत घेतलें जात नसे. त्या धान्याच्या पैशांतून गांवच्या आरोग्यसेवकाचें मानधन व किरकोळ औषधें यांचा खर्च चाले. अकस्मात आजार आला तर रुग्णालयांत उपचार मोफत. आधीं दिवस ठरवून करून घेतां येण्यासारख्या उपचारांस मात्र खर्चाचा कांहीं भाग रोग्यानें सोसावयाचा.

तीन-चतुर्थांशांच्या त्या अटीचा विचार करावा तितका थोडा. केवळ सावध लोकच विमा घेतात ही जी अडचण आम्हीं वर सांगितली, आणि केवळ आजारीच घेतात ही जी कंपन्यांची भीति, त्या दोहोंस ती एकदमच उत्तर देते. गांव आलें म्हणजे मास्तरही आले आणि तंबाखूची पिशवीवालेही आले. शिवाय शेजारी सामील झाला नाहीं तर आपलाही विमा बुडतो, त्यामुळें एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करण्याचें कारण मिळतें. कर्नाटकांत सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांकरितां २००३ सालीं ‘यशस्विनी’ योजना निघाली, तींतही आरंभीं माणशीं वर्षास साठ रुपये सभासदाकडून घेत. ती १५ वर्षें चालली, २०१८ सालीं सरकारी योजनेंत विलीन झाली, आणि लोकांच्या मागणीवरून २०२२ अखेरीस तिचें पुनरुज्जीवन झालें. पण तिचा भर शस्त्रक्रियेवर होता, म्हणून आमच्या दृष्टीनें सेवाग्रामचाच धडा जवळचा.

सामुदायिक विम्याविरुद्ध एक व्यावहारिक आक्षेप राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एकट्याच्या किंवा एका कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरील शेंकडा १८ वस्तु-सेवा-कर माफ झाला आहे. सामुदायिक विम्यास ती माफी नाहीं. तेव्हां ज्याची प्रकृति उत्तम व वय कमी त्यास स्वतंत्र पॉलिसी कदाचित् स्वस्त पडेल. त्यानें ती अवश्य घ्यावी; पण संघाच्या योजनेंतून बाहेर पडूं नये अशी आमची विनंती आहे. तो बाहेर पडला कीं मागें राहणाऱ्यांचा हप्ता वाढतो.

कार्यकारी मंडळावरील एका सन्मान्य गृहस्थांनीं तंबाखू खाणाऱ्यांकडून दुप्पट हप्ता घ्यावा अशी सूचना केली आहे. तीमागील हेतु चांगला आहे. तथापि आम्ही तिला विरोध करूं. दुप्पट हप्त्याच्या भीतीनें तंबाखू सुटणार नाहीं, रकान्यांत मात्र ‘नाहीं’ असें लिहिलें जाईल. आणि त्याचा शेवट कसा होतो हें वर सांगितलेंच आहे. त्यापेक्षां तपासणीच्या दिवशीं प्रत्येकाचें तोंड डॉक्टरांनीं उघडून पाहावें. तोंडांतील पांढरा चट्टा वेळेवर दिसला तर पुष्कळ कांहीं टळतें, आणि डॉक्टरांनीं आरसा हातीं देऊन तो चट्टा दाखविला असतां तंबाखू सोडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. सर्वच सोडतात असें नव्हे.

तेव्हां सभेपुढें आमची सूचना अशी राहील. दुसरी योजना घ्यावी. ज्या गांवांतील तीन-चतुर्थांश सभासद सामील होतील त्या गांवास ती प्रथम लागू करावी. तपासणी झोडणी आटोपल्यावर, पौष-माघांत, गांवांतच करावी, कारण पनवेलास बोलाविलें तर पुरुष येतील आणि मशेरी लावणारी त्यांची घरधनीण घरींच राहील. हप्ता जमिनीच्या मानानें घ्यावा कीं सरसकट, याविषयीं आमचें मत बनलेलें नाहीं. सेवाग्रामीं जमीन हें संपत्तीचें माप होतें. आपल्याकडे ज्याच्या नांवें आतां एकही गुंठा नाहीं त्याच्याच दारांत मोटार उभी असते, आणि ज्याच्या नांवें तीन एकर खारट आहे तो उधारीवर खत नेतो. याचा निकाल सभेनेंच करावा. आधींपासून असलेल्या रोगांस प्रतीक्षेची मुदत पूर्ण माफ आहे कीं नाहीं, आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडल्यास सर्वच बिलास कात्री लागते कीं काय, या दोन प्रश्नांचीं लेखी उत्तरें मंडळानें दोन्ही कंपन्यांकडून आणून सभेपुढें वाचून दाखवावींत. तोंडी आश्वासनावर कोणीही मत देऊं नये.

सभेस येतांना सभासदांनीं शिधापत्रिका, आधार कार्ड आणि घरांत ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या चिठ्ठ्या बरोबर आणाव्या. चिठ्ठी हरवली असल्यास गोळ्यांचें रिकामें पाकीट आणलें तरी चालेल; नांव तेथूनच उतरून घेतां येईल, आणि अर्जाच्या रकान्यांत जें खरें आहे तेंच लिहिलें जाईल.